उंदरांनी खाल्लेली टोपी

पिले गावात दिवस सुरू होतो तो धुक्याच्या परवानगीनं. डोंगरावरून धुकं उतरलं, सेइबोच्या झाडांच्या फुगीर खोडांना टेकलं, पत्र्यांना ओल सुटली, की समजायचं, टोप्या विणायची तोकियाची पात आता नरम झाली. सगळा खेळ दोन-तीन तासांचा. ऊन चढलं की पात कडक होते आणि बोटाखाली पटकन तुटते, मग विणणाऱ्यानं टोपीवर ओलं फडकं टाकावं आणि गुमान कॉफी प्यावी. ओतिलियाच्या आजीनं हेच केलं, आईनं हेच केलं, आणि ओतिलियाही सहाव्या वर्षापासून हेच करत आली होती. पहाटे उठायचं, तिवईवरच्या लाकडी साच्यावर छाती टेकून वाकायचं, बोटं पाण्याच्या वाडग्यात बुडवायची आणि फेरामागून फेर घालत जायचं.

गेली सात वर्षं मात्र पात आणि बोटं यांची वेळ काही जुळत नव्हती. पात पहाटे नरम असायची आणि त्याच वेळी ओतिलियाची बोटं लाकूड झालेली असायची. एका हाताची नव्हे, दोन्ही हातांची, अगदी सारखी, जणू आपसांत ठरवून घेतल्यासारखी. मुळाशी सुजलेली, गरम, मूठ म्हणून मिटायची नाहीत. नऊ वाजता अंगणात ऊन आलं की ती हळूहळू सुटायला लागायची, पण तोवर पातीचा नखरा सुरू झालेला असायचा. देवाला दुसरं काही काम उरलेलं दिसत नाही, असं ती म्हणायची आणि हसायची.

पहाटेचे ते तास ती ओसरीतल्या दोरीच्या झोळीत पडून काढायची. धड झोप नाही, धड जाग नाही. अंगात नेहमीची कणकण असायची, आणि रात्रभर झोपूनही शरीर कुणी दिवसभर राबवून सोडून दिल्यासारखं दमलेलं असायचं. धुक्यातून तिच्या मुलीच्या, नेरेइदाच्या, विणण्याचा बारीक आवाज यायचा, पातीवर पात घासल्याचा. त्या आवाजाच्या तालावर ओतिलियाचे हात गुंगीतच कामाला लागायचे. मधला गोल व्हायचा, माथा व्हायचा, मग कड सुरू व्हायची आणि ती कड वाढतच जायची, ओसरीबाहेर, कोंबड्यांवरून, शेजारच्या पत्र्यांवरून, थेट समुद्रापर्यंत. एकही पात तुटायची नाही. मग कोंबडा आरवायचा आणि बोटं होती तिथेच, पोटावर, वाकडी पडलेली दिसायची. ओतिलियाला त्या क्षणाचा राग यायचा. उठूच नये, असं तिला मनापासून वाटायचं.

नेरेइदा एकोणीस वर्षांची. घरातलं सगळं तीच करायची. केळी सोलायची, कपडे धुवायची, आईचे केस विंचरायची, आईच्या झग्याची बटणं लावायची, आणि विणायचीसुद्धा, कारण बाप तेओदुलो दूरच्या कोळंबीच्या तळ्यांवर पहारेकरी होता आणि महिन्यातून दोनदाच घरी यायचा. विणकाम तिचं चांगलं होतं, पण जीव नव्हता त्यात. तिचा जीव यंत्रांत. गावातला पाण्याचा पंप बंद पडला की लोक मोंतेक्रिस्तीच्या मिस्त्रीला बोलावण्याआधी तिला हाक मारायचे. मांता बंदरात मासेमारी बोटींची इंजिनं दुरुस्त करायला शिकवणारी एक संस्था होती, दोन वर्षांचा अभ्यास. तिथला अर्ज नेरेइदानं दोनदा आणला होता आणि दोनदा तारीख जाऊ दिली होती. यंदा तिसऱ्यांदा आणला, येत्या शुक्रवारची मुदत होती. त्याचं पुढे काय झालं, कुणी विचारलं नाही. उत्तर सगळ्या गावाला ठाऊक होतं.

ते उत्तर सगळ्यात चांगलं सांगायची ती फ्रेदेस्विंदा. ती नेरेइदाची बाप्तिस्म्यातली धर्ममाता, त्यामुळे ओतिलिया आणि ती एकमेकींच्या कोमाद्रे. सख्ख्या बहिणींनीही घेऊ नये एवढा हक्क एकमेकींवर गाजवणाऱ्या. नवा माणूस ओसरीत आला आणि त्याची नजर ओतिलियाच्या हातांवर गेली, की फ्रेदेस्विंदा खुर्ची पुढे ओढायची. सात वर्षांपूर्वी फेब्रुवारीत डोंगरावर भलताच पाऊस झाला. दहा महिने कोरडा असणारा ओढा एका दुपारी भरून आला आणि काठावर खेळणारी बारा वर्षांची नेरेइदा त्यात पडली. ओतिलिया तेव्हा चुलीपाशी शेंगदाणे भाजत होती. तापलेले हात, तापलेलं अंग, तशीच धावली आणि तशीच त्या गार पाण्यात उतरली. पोरीला केसांना धरून बाहेर काढलं. पोर वाचली, आईचे हात गेले.

गावात याला पास्मो म्हणत. तापलेल्या अंगाला गार पाणी लागलं की गारठा हाडांत शिरतो आणि सांधे धरतो. इस्त्री करून उठलेली बाई हात धूत नाही, भट्टीपुढून उठलेला माणूस अंगणात धुक्यात जात नाही, हे पिलेतल्या शेंबड्या पोरालाही कळतं. ओतिलियाला ते कळत असूनही ती पाण्यात उतरली, ही त्या गोष्टीतली खरी गोम होती. ऐकणाऱ्या बायका ओतिलियाकडे बघून डोळे टिपायच्या. मग त्या नेरेइदाकडे बघायच्या. नेरेइदा तेवढ्यात काहीतरी आणायला आत गेलेली असायची.

इतक्या वेळा सांगून ती गोष्ट हातात खेळवलेल्या गोट्यासारखी गुळगुळीत झाली होती. ओतिलियाला स्वतःलाही तो ओढा आता स्वप्नातला वाटायचा. पाणी हिरवट, आवाज नाही, आणि पोरीचे केस पातीसारखे बोटांत गुंडाळलेले.

सापाची चरबी झाली. खाजकुयलीचे फटके झाले. फ्रेदेस्विंदानं कुठूनतरी आणलेल्या बाटलीतल्या औषधानं कातडी सोलून निघाली, ते झालं. मनगटंही सुजली आणि कोपराखाली दाण्यासारख्या गाठी आल्या तेव्हा मात्र नेरेइदानं कुणाचं ऐकलं नाही. ती आईला पोर्तोवियेहोच्या रुग्णालयात घेऊन गेली. रक्त घेतलं, हातांचे फोटो काढले, आणि त्या मंगळवारी निकाल ऐकायला दोघी पुन्हा गेल्या. नेरेइदा औषधांच्या रांगेत उभी राहिली. ओतिलिया डॉक्टरीणबाईंसमोर एकटी बसली.

डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या, डोळ्यांखाली काळं आलेलं. त्यांनी ओतिलियाचे हात आपल्या हातांत घेतले, एकेक सांधा अंगठ्यानं हळूच दाबून पाहिला आणि रोगाचं नाव सांगितलं. ते लांबलचक नाव ओतिलियाच्या एका कानातून आत गेलं आणि दुसऱ्यातून बाहेर पडलं. मग बाईंनी साध्या भाषेत सांगितलं. शरीरात रोगांशी लढणारे राखणदार असतात. काही माणसांत त्या राखणदारांची ओळखीत चूक होते आणि ते आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर तुटून पडतात. म्हणून सूज, म्हणून ताप, म्हणून हा सगळा थकवा. थकवा म्हणजे आळस नव्हे, असंही त्या म्हणाल्या, आणि ओतिलियाला एकदम रडू आलं, कारण सात वर्षांत हे तिला कुणीच म्हटलं नव्हतं.

हे पूर्ण जाणारं दुखणं नाही, पण आवरता येतं, असं बाई म्हणाल्या. गोळ्या आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, चुकूनही रोज नाही. गुण यायला दोन-तीन महिने लागतील, तोवर धीर सोडायचा नाही, आणि रक्त तपासत राहायचं. जे सांधे वाकडे झाले ते सरळ होणार नाहीत, जे उरलेत ते वाचवायचे.

"सुरुवात कधी झाली?" त्यांनी लिहिता लिहिता विचारलं.

ओतिलियानं ओढ्याची गोष्ट सुरू केली. शेंगदाणे, तापलेले हात, गार पाणी. बाईंनी मध्ये तोंड घातलं नाही, शेवटपर्यंत ऐकलं. मग लेखणी खाली ठेवली.

"ओतिलियाबाई, तुम्ही मुलीला वाचवलंत हे खरं. पण हा आजार पाण्यानं होत नाही. गरमगारानं होत नाही."

"मग कशानं?"

"पुरतं आम्हालाही माहीत नाही. काही रक्तातून येतं, काही आणखी कशातून. पण आठवून बघा. त्या ओढ्याच्या आधी, सकाळी हात आखडायचे का? अंगठी निघेनाशी झाली होती का?"

बाहेर कुणीतरी कुणाचं तरी नाव पुकारत होतं.

"आठवत नाही," ती म्हणाली.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून बसली. बाहेर वाळलेल्या टेकड्या मागे सरकत होत्या. नेरेइदानं विचारलं, डॉक्टर काय म्हणाल्या. ओतिलियानं गोळ्यांचं सांगितलं, रक्ताचं सांगितलं. राखणदारांचंही सांगितलं. पाण्याचं तेवढं नाही सांगितलं.

आता खरं सांगायचं तर ओतिलियाला सगळं आठवत होतं. त्यासाठी डॉक्टर लागत नव्हत्या. ओढ्याच्या आधीच्या सप्टेंबरातच तिची बोटं पहाटे धरायला लागली होती. ऑक्टोबरात लग्नाची अंगठी साबण लावूनही निघाली नव्हती. त्या वेळी तिच्या साच्यावर एक टोपी होती, जूनपासून चाललेली, नाताळपर्यंत द्यायची. तिच्या आयुष्यातली सगळ्यात बारीक टोपी. माथा असा उतरला होता की रेशीम वाटावं. मग कड सुरू केली आणि वीण बिघडली. तिनं उसवली, पुन्हा घातली, पुन्हा बिघडली. डिसेंबरात तिनं ती फडक्यात गुंडाळून पेटीच्या तळाशी टाकली आणि घरात सांगितलं की उंदरांनी खाल्ली. पोर तेव्हा उंदरांवर दात-ओठ खात दोन दिवस रडली होती.

आणि मग फेब्रुवारीत ओढा आला. हात एव्हाना लपण्यासारखे राहिले नव्हते. फ्रेदेस्विंदानं पहिल्यांदा पास्मोचं नाव काढलं तेव्हा ओतिलिया नाही म्हणाली नाही. एवढंच. नुसतं नाही म्हणाली नाही. विणता न येणारी विणकरीण होण्यापेक्षा मुलीसाठी हात देणारी आई होणं कितीतरी बरं होतं. लोक देवळात पाय ठेवावा तसे तिच्या ओसरीत नरम होऊन यायचे. आणि पोर आपण होऊन घरात राहिली, आईचे हात झाली. कुणी तिला बांधलं नव्हतं. ओतिलियानं स्वतःला हे इतक्यांदा सांगितलं होतं की तेही गुळगुळीत झालं होतं.

बुधवार तसाच गेला. फ्रेदेस्विंदा येऊन डॉक्टरांच्या गोळ्यांना नावं ठेवून गेली.

गुरुवारी पहाटे धुकं इतकं दाट होतं की झोळीतून नेरेइदा दिसत नव्हती, फक्त तिचं विणणं ऐकू येत होतं. ओतिलियाच्या गुंगीत टोपी पुन्हा वाढायला लागली. पण आज कड समुद्राकडे गेली नाही. ती गोल फिरून ओसरीकडेच आली, तिवईभोवती, नेरेइदाभोवती, फेरामागून फेर, घट्ट, निर्दोष, आणि आत बसलेली पोर मान खाली घालून विणतच होती. ओतिलिया दचकून उठली.

नेरेइदा चूल पेटवायला आत गेली होती. धुकं जरा विरळ झालं. झोळीत बसल्या बसल्या ओतिलियाची नजर तिवईच्या पायाकडे गेली. तिवईचा एक पाय पहिल्यापासून आखूड, त्याखाली नेहमी एक चपटा दगड असायचा. आज दगडाच्या जागी कागद होता, आठ घड्या घातलेला. वरच्या घडीवर बोटीचं छोटं निळं चित्र होतं. मांताच्या संस्थेचं.

ओतिलियानं तो कागद ओळखला. मग उठली. पहाटे ती कधी उठत नसे. पावलांखाली खडे भरल्यासारखे पाय दुखत होते. पेटीचं झाकण तिनं मनगटांनी उचललं, चादरी कोपरानं बाजूला सारल्या आणि तळाचं फडकं दातांनी ओढून काढलं.

"नेरे, बाहेर ये. उजेडात ये."

नेरेइदा हात पुसत आली. आईला उभी बघून तिला वाटलं काहीतरी दुखतंय. ओतिलियानं फडकं पुढे केलं.

"सोड. मला गाठ सुटत नाही."

टोपी बाहेर आली. सात वर्षांत जराशी पिवळी पडली होती, पण उंदराचा दात कुठे लागला नव्हता. नेरेइदानं ती उलटी केली, दोन्ही हातांवर तोलली आणि आकाशाकडे धरली. विणणारा माणूस टोपी अशीच वाचतो. उजेडात फेर दिसतात, पाण्यात खडा टाकल्यावर दिसतात तसे, मधून बाहेर. माथ्याचे फेर इतके दाट होते की मोजता येत नव्हते. तिचा अंगठा त्यांवरून सरकत बाहेर आला आणि कडेपाशी थांबला. तिथे वीण सैल होती. मग जास्त सैल. मग उसवून पुन्हा घातलेली. शेवटचे फेर तर नवशिक्यानं घालावेत तसे.

"ही ती टोपी," नेरेइदा म्हणाली. "उंदरांची."

"हो."

"ही तू नाताळाच्या आधी..." ती थांबली. अंगठा अजून कडेवरच होता. "ओढा फेब्रुवारीत आला होता."

"हो."

"म्हणजे हात तेव्हाच गेले होते."

"सप्टेंबरापासून. डॉक्टरीणबाई म्हणतात पाण्याचा काही संबंध नाही. पण ते मला मंगळवारी कळलं. सप्टेंबरचं मला पहिल्यापासून माहीत होतं."

चुलीवर कॉफी उतू गेल्याचा वास आला.

"मी आठवीत असताना," नेरेइदा हळू आवाजात म्हणाली, "रोज रात्री देवाला सांगायचे की मला परत ओढ्यात टाक आणि आईचे हात परत दे. रोज, आई. तू बाजूलाच झोपलेली असायचीस."

नेरेइदानं टोपी तिवईवर ठेवली, व्यवस्थित, कड न दुमडता, आणि अंगणातून निघून गेली. पंपाच्या दिशेनं गेली. थोड्या वेळानं तिकडून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज यायला लागला, आणि पंपाला तर त्या दिवशी काहीच झालेलं नव्हतं.

नऊ वाजले, दहा वाजले. बोटं सुटली तेवढी सुटली. ओतिलियानं स्वतः चुलीत लाकूड सारलं. मातीचं खापर चढवलं, त्यात शेंगदाणे ओतले आणि ते हातानंच परतत बसली, चटके घेत, जसे ओढ्याच्या दिवशी घेतले होते. तळवे लाल झाले. मग तिनं पायानं ढकलत ढकलत विणायच्या पाण्याचा वाडगा ओसरीच्या मधोमध आणला आणि नेरेइदाला हाक मारली. हाकेत काहीतरी असावं, कारण पोर धावत आली, हातात पाना तसाच.

ओतिलियानं तिच्यासमोर दोन्ही तापलेले हात गार पाण्यात मनगटापर्यंत बुडवले.

नेरेइदाच्या हातातून पाना पडला. ती झेपावली आणि तिनं आईची मनगटं धरली, वर ओढायला. कळणं वेगळं आणि हाडात भिनलेलं वेगळं. ओतिलियानं हात वर येऊ दिले नाहीत.

"सोड. बघ नुसतं."

दोघी वाडग्याशी गुडघे टेकून बसल्या. शेंगदाण्याची सालं पाण्यावर तरंगायला लागली. पाण्याखाली ओतिलियाची वाकडी बोटं आणि त्यांना धरलेली नेरेइदाची सरळ, ग्रीस लागलेली बोटं दिसत होती. कोंबडी येऊन सालं टिपून गेली. ऊन एका खांबावरून दुसऱ्या खांबावर आलं. काही झालं नाही.

"मी नीच वागले, पोरी," ओतिलिया म्हणाली. "तू वाचलीस याचा मला आनंद होता, आणि तू राहिलीस याचाही होता. दोन्ही मी एकाच गोष्टीत विणलं."

नेरेइदानं माफ केलं असं काही म्हटलं नाही, आणि ओतिलियानं मागितलंही नाही. मग तिनं हात झग्याला पुसले, वाकली आणि तिवईच्या पायाखालचा कागद ओढून काढला. तिवई कलंडली. ओतिलियानं ती खांद्यानं सावरली.

"ही डुगडुगतेय," नेरेइदा म्हणाली.

"डुगडुगू दे. दगड आहे कुठेतरी."

नेरेइदानं एकेक घडी उलगडली. घड्यांच्या रेघांवर बोटीचं चित्र फाटत आलं होतं, तिनं ते मांडीवर तळव्यानं सपाट केलं.

"पहाटे बटणं कोण लावणार तुझी?"

"नऊनंतर मी लावीन."

"वेळ लागेल."

"लागू दे. मला कुठं जायचंय?"

शुक्रवारी पहाटे मांताची बस धुक्यातून आली तेव्हा ओतिलियाला ती दिसली नाही, फक्त भोंगा ऐकू आला आणि मग दार आपटल्याचा आवाज. फ्रेदेस्विंदानं आपल्या ओसरीतून ओरडून विचारलं, पोर कुठं निघाली. ओतिलियानं सांगितलं, मांताला, अर्ज द्यायला. आणि हाताचं काय, कोण बघणार, पास्मो झालेल्या बाईनं एकटीनं राहायचं का, असं फ्रेदेस्विंदा म्हणाली. ओतिलियानं तिला ओसरीत बोलावलं, तिवईवरची टोपी दाखवली आणि उजेडात धरून बघ म्हणाली. फ्रेदेस्विंदाही विणकरीणच होती. तिनं टोपी धरली, कडेपाशी तिचा अंगठा थांबला, आणि टोपी तिवईवर ठेवून, खुर्ची न ओढताच, ती आपल्या ओसरीकडे वळली.

ती गेल्यावर ओतिलिया झोळीत परत पडली, अंगावर शाल ओढून, झग्याची बटणं उघडीच. आज विणण्याचा आवाज नव्हता. तिनं डोळे मिटले, पण टोपी काही वाढली नाही. नुसतं धुकं होतं, आणि त्याच्या पलीकडे कुठेतरी घाट उतरणारी बस. तिला भीती वाटत होती, आणि ती भीती तिची स्वतःची होती, पोरीच्या गळ्यात घातलेली नव्हती.

नऊ वाजता ऊन पायांवर आलं. ओतिलिया उठून बसली आणि तिनं पहिल्या बटणाला हात घातला. सगळी मिळून सहा बटणं होती.